नंबर नसलेल्या घराचे मालक

माणसाला नाव असतं, यावर आमच्या घरमालकांचा मुळातच विश्वास नाही. त्यांच्या मते माणसाला गाव असतं. नाव काय, आईबापांनी घाईघाईत ठेवलेलं असतं, ते खोटं निघू शकतं. आता माझंच बघा ना. माझं नाव विजय, आणि उभ्या आयुष्यात मी एक कुस्ती जिंकलेली नाही. गावच्या जत्रेत पोरं माझ्याशी जोड लावायला भांडायची, कारण नारळ नक्की मिळायचा. गाव मात्र खोटं निघत नाही, असं मालकांचं म्हणणं. मी आयर्लंडात, डब्लिनजवळच्या स्वोर्ड्समध्ये त्यांच्या दारात खोली बघायला पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा हात पुढे करून नाव सांगितलं. त्यांनी हात धरला, नाव सोडून दिलं आणि विचारलं, कुठला. म्हटलं, इंडिया. ते म्हणाले, तो देश झाला, देश कुणीही सांगतं. म्हटलं, महाराष्ट्र. मान हलेना. म्हटलं, सांगली. तरी हात सुटेना. शेवटी म्हटलं, बोरगाव, आणि म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला की मी काशीहून आलोय असं वाटावं. महाराष्ट्रात ज्या गावाला वेळेत नाव सुचलं नाही त्याला बोरगाव म्हणतात, कुठल्याही तालुक्यात हात घातला तर एखादं हाताला लागतं. पण त्या दिवसापासून त्या घरात माझं नाव बोरगाव पडलं ते पडलंच. सकाळी जिन्याखालून हाक, "बोरगाव, चहा." मी अंथरुणातून सरळ उभा. मला वाटतं माझ्या नावाने हाक मारली तर आता मी वळूनसुद्धा बघणार नाही.

मालक वेल्समधले. वेल्स म्हणजे इंग्लंडला चिकटलेला तो भाग, असं मी एकदा त्यांच्यासमोर बोललो, आणि नंतर दोन दिवस चहाला हाक आली नाही. तेव्हा नीट सांगतो. वेल्स हा वेगळा देश, त्याची भाषा वेगळी, त्याचा झेंडा वेगळा, आणि त्यावर लाल ड्रॅगन. आयर्लंडच्या समोर, समुद्रापलीकडे. तिथल्या डोंगरातल्या एका छोट्या खेड्यातून मालक तरुणपणी पंधरा दिवसांच्या कामासाठी डब्लिनला आले. विमानतळावर सामान चढवायचं-उतरवायचं काम होतं. पंधरा दिवसांत इथल्याच एका बाईवर जीव बसला, आणि त्या पंधरा दिवसांना आता पन्नासेक वर्षं होत आली. बाई गेल्या. मूलबाळ नाही. मालक राहिले, आणि खोल्या रिकाम्या राहायला नकोत म्हणून आमच्यासारखी माणसं राहिली. इथले शेजारी अजून त्यांना 'तो वेल्शवाला' म्हणतात. शेजारची, इथल्याच स्लायगो गावची बाई तर नुसतं "युअर मॅन", म्हणजे 'तो बाबा', म्हणते आणि भिंतीकडे बोट करते. आणि त्यांच्या गावातले लोक त्यांना म्हणतात, तो काय, तो आयरिश झाला. म्हणजे दोन्हीकडून पाहुणे.

आमच्या कॉलनीतली सगळी घरं एका साच्यातली. मी पहिल्या महिन्यात शेजारणीच्या कुलपाला इतक्या वेळा किल्ली लावली की तिने शेवटी आतून विचारलं, कुलूप बदलून देऊ का तुझ्या किल्लीप्रमाणे. खरं तर आमचं घर ओळखायला सगळ्यात सोपं, कारण त्यालाच तेवढा नंबर नाही. मालकांनी नंबर काढून टाकला आणि त्या जागी काळ्या दगडाची पाटी लावली. पाटीवर त्यांच्या गावाकडच्या घराचं नाव, पेन-अ-ब्रिन. म्हणजे टेकडीचा माथा. आमचा रस्ता भाकरीसारखा सपाट. पिझ्झा आणणारी, पार्सल आणणारी पोरं टेकडी शोधत विमानतळापर्यंत जाऊन येतात. मी ज्या हॉटेलात तंदूरवर उभा असतो, तिथून एकदा मालकांनी माझ्याच हातची बिर्याणी माझ्याच घरी मागवली होती, ती मी ड्यूटी संपवून, बस पकडून घरी आलो तरी पोचली नव्हती. मी मालकांना म्हटलं, निदान कोपऱ्यात बारीक अक्षरात तरी नंबर लिहा. ते म्हणाले, नंबर मी आयुष्यभर बॅगांना लावले.

घराच्या आतही तेच. प्रत्येक कोपऱ्याला त्यांच्या गावातल्या एकेका शेताचं नाव. जिन्याचं वळण म्हणजे खिंड. मागचा हातभर गवताचा तुकडा म्हणजे वरचं रान. किचनमधलं कपाट, ज्याला इथे प्रेस म्हणतात, तो मेंढ्यांचा कोंडवाडा, कारण त्यात काही ठेवलं की उडी मारून बाहेर येतं. भाड्याचं बोलणं चाललं होतं तेव्हा मालक म्हणाले होते, खालचं कुरण रिकामं आहे, घेतोस का. मी मनात म्हटलं, आपली लायकी यांनी बरोबर ओळखली. तरी विचारलं, तंबू तुमचा का माझा. मग कळलं की खालचं कुरण म्हणजे जिन्याशेजारची खोली. वेल्श भाषेत त्याला डोल-इसाव म्हणतात. मला वेल्श भाषेतली येतात ती एवढीच शेतं. बाकी पुस्तकाशी माझं कधी जमलं नाही. शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर गावात अजून एकमत नाही.

वरच्या खोलीत पुण्याचा एक इंजिनियर राहायचा. त्याचं नाव अर्थातच कोथरूड. मालकांनी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं, तुमच्याकडच्या शेतांची नावं सांग. तो बिचारा म्हणाला, शेतं आजोबांनी बघितली असतील, मी बस स्टॉप सांगू शकतो. आणि त्याने सांगितले. वनाज, कोथरूड डेपो, नळ स्टॉप, डेक्कन. मालक डोळे मिटून ऐकत होते. नळ स्टॉपला त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, कुणाचा नळ. इंजिनियरला सांगता येईना. मलाही येईना, पण मला काहीच सांगता येत नसतं, त्यामुळे माझं काही गेलं नाही. मालक मात्र आठवडाभर अस्वस्थ. जेवताना मध्येच चमचा खाली ठेवून म्हणायचे, कुणीतरी त्या नळावर पाणी भरलं असेल, कोथरूड, कुणाला तरी माहीत असेल. शेवटी त्याने पुण्याला आईला फोन लावला, आईने तिच्या मामांना, मामांनी तीन वेगवेगळ्या हकिकती सांगितल्या, आणि मालकांनी तिन्ही मान्य केल्या.

पावसावर तर त्यांची मालकीच. इथला वारा पश्चिमेचा. म्हणजे पाऊस आधी आयर्लंडवर पडतो, मग समुद्र ओलांडून वेल्समध्ये जातो. सर सुरू झाली की मालक मागच्या रानात जाऊन उभे राहतात, आकाशाकडे बघतात आणि मग आत येऊन बहिणीला फोन करतात. बहीण गावाकडे एकटी असते. फोनवर दुसरं काही बोलणं नाही. कपडे आत घे, एवढंच. पुढे एवढं सगळं घडलं, पण बहिणीचा भावावरचा विश्वास कशावर उभा आहे म्हणाल तर वाळत घातलेल्या चादरींवर. एकदा मी हौसेने म्हटलं, आज मी फोन करतो. ढग बघितले, खात्रीने सांगितलं की आज काही येत नाही. बहिणीच्या तीन चादरी भिजल्या. तेव्हापासून मला आकाशाकडे बघायची बंदी आहे.

पण मालकांचा खरा आजार कविता. आणि कविताही साधी नाही. वेल्श लोकांची जुनी रीत अशी की ओळीच्या पहिल्या अर्ध्यात जी अक्षरं ठोकली, तीच दुसऱ्या अर्ध्यात त्याच क्रमाने पुन्हा ठोकायची. लेझीमसारखं, पुढे जेवढं टाकलं तेवढंच मागे. मालक ओटा वाजवून ते तपासतात. लाकडी डाव घेऊन एकेका अक्षराला ठोका. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं गुळण्या करताहेत, मी मिठाचं गरम पाणी नेऊन दिलं. ते प्यायले, बरं वाटलं म्हणाले आणि पुढची ओळ म्हणाले. कविता ऐकायला त्यांना मीच लागायचो. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही म्हणून तर मी चांगला, असं त्यांचं मत. अर्थ कळणारा माणूस अर्थ ऐकतो, ओळ ऐकत नाही. म्हणून मी कामावरून आलो की टेबलाशी बसायचं, मालकांनी ओळ म्हणायची, आणि माझी मान हलली की ओळ पक्की. आता बारा तास तंदूरपुढे उभ्या राहिलेल्या माणसाची मान कशाने हलते हे ज्याने काम केलंय त्याला कळेल. वेल्श साहित्यातल्या कितीतरी ओळी माझ्या डुलकीने पास झाल्या आहेत. घोरलो तर मालक ते कडवं पुन्हा लिहायला घ्यायचे. म्हणायचे, इथे बोरगावला त्रास होतोय.

हा सगळा खटाटोप एका खुर्चीसाठी. आपल्याकडे जत्रेत पैलवानाला गदा देतात, तशी त्यांच्या गावात कवितेची जत्रा भरते आणि जिंकलेल्या कवीला लाकडी खुर्ची देतात. खरी, बसायची, सुताराने केलेली. कवीने स्वतःचं नाव लिहायचं नाही, टोपणनाव घालायचं. परीक्षक स्टेजवरून ते टोपणनाव पुकारतो, आणि गर्दीत बसलेल्या ज्याची ती कविता असेल त्याने उभं राहायचं. तोपर्यंत शेजारी बसलेल्यालाही कळत नाही कोण ते. मालक तरुणपणापासून दरवर्षी कविता पाठवायचे आणि दरवर्षी खुर्चीत बसलेल्या दुसऱ्या कुणाला तरी टाळ्या वाजवून परत यायचे. परीक्षक बदलत गेले, पण सांगणं तेच. या कवीला गाव कुठे होतं ते चांगलं माहीत आहे. होतं. मालकांना तो एक शब्द लागायचा. आणि गेल्या वर्षी बहिणीने फोन केला, पाऊस नसताना. म्हणाली, गावात माणसं उरली नाहीत, चर्चमागचा हॉल बंद होतोय, यंदाची जत्रा शेवटची.

मालक त्या दिवशी जेवले नाहीत. मी आपली समजूत घालायला गेलो. म्हटलं, मालक, खुर्चीच हवी ना, इथे मोठ्या दुकानात स्वस्तात मिळते, स्क्रू मी बसवून देतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत.

"खुर्ची म्हणजे लाकूड नाही, बोरगाव," ते म्हणाले. "गावाने सांगायचं असतं, ये, तुझी जागा धरून ठेवली होती. मी एवढी वर्षं तेवढंच ऐकायला थांबलोय."

मग मला माझीच लाज वाटली आणि मी कांदा चिरायला घेतला.

दुसऱ्या दिवसापासून डाव वाजेनासा झाला. मालक टेबलाशी बसायचे, आणि ओळ येत नसे. त्यांच्या गावातली प्रत्येक वाट त्यांनी लिहून संपवली होती. एक दिवस मला म्हणाले, तुझी सांग. तुझ्या शेतांची नावं. मी बोटं मोजायला घेतली. थोरला माळ आठवला, चिंचेचं वावर आठवलं, पुढे अंधार. लहानपणी शेतात पाठवलं की मी तालमीत पळायचो आणि तालमीत पाठवलं की शेतात झोपायचो, त्यामुळे दोन्हीकडचं शिक्षण अर्धवट. म्हटलं, थांबा, दादाला विचारतो. आणि मी गावाला फोन लावला.

आता विचार करा. धाकटा भाऊ परदेशात, एरवी फोन सणासुदीला. आणि तो अचानक फोन करून विचारतोय, दादा, आपल्या कुठल्या कुठल्या जमिनी आहेत, नावानिशी सांग.  मग दादाचा आवाज, अगदी जपून. "वाटणी पायजे व्हय रं तुला?" मी म्हटलं, नाही दादा, घरमालकांना पाहिजे. हे ऐकून तर तो आणखीच घाबरला. मागून वहिनीचा आवाज आला, की गोऱ्याला इकून बसलाय तुमचा भाऊ. मी ग्रामदैवताची शपथ घेतली. म्हटलं कवितेसाठी पाहिजेत. दादा म्हणाला, तू सातवीत कवितेच्या पेपरला झोपला हुतास, मला शिकवू नगंस.

तो होता दूध डेअरीसमोर, संध्याकाळचं दूध घालायला आलेला. इथे डब्लिनला दुपार म्हणजे तिकडे संध्याकाळ. शेवटी वैतागून त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि रांगेतल्या लोकांना म्हणाला, सांगा रं ह्याला. आणि मग किटल्या हातात घेऊन उभी असलेली माणसं बोलायला लागली. डोहाकडचं. टेकाचं. म्हसोबाची आडवी. कुणीतरी म्हणालं भांडणाची पट्टी. लगेच दुसरा म्हणाला, ती भांडणाची पट्टी न्हवं, ती खालची, ही तर आमची. झालं. ज्या पट्टीवरून आमच्या आणि शेजारच्या घराचं तीन पिढ्या चाललंय, ते तिथेच, डेअरीसमोर, पुन्हा पेटलं. मी मध्ये बोलायचा प्रयत्न केला तर दोन्ही बाजूंनी मला गप्प केलं. मीही इकडे स्पीकर लावला होता, मालक माझ्यासमोर बसून ऐकत होते. एक शब्द कळत नव्हता, पण डोळे मिटलेले आणि बोटं टेबलावर हळूहळू वाजत होती. मग मला विचारलं, भांडताहेत ना. म्हटलं, हो, एका हातभर पट्टीवरून. ते म्हणाले, आमच्याकडेही होती अशी, पण भांडायला आता दोघंही उरले नाहीत. आणि उठून डाव घेतला. त्या संध्याकाळी ओटा वाजत होता आणि मी टेबलाशी बसलो होतो, आणि खरं सांगतो, पहिल्यांदाच मला झोप आली नाही.

जत्रेला मालकांबरोबर मी गेलो. एकट्याला पाठवायची भीती वाटत होती, आणि मला समुद्राची हौस. हौस बंदर सुटल्यावर पाच मिनिटांत फिटली, उरलेला वेळ मी कागदी पिशवीत तोंड घालून होतो. मालक माझ्या पाठीवर हात फिरवत होते आणि इथल्या लोकांसारखं म्हणत होते, ग्रँड, ग्रँड, म्हणजे सगळं ठीक आहे. गावात पोचलो तर खरंच चार घरं आणि पाऊस. हॉल आमच्या डेअरीएवढा. पण आत माणूस मावत नव्हता. शेवटची जत्रा म्हणून कुठून कुठून लोक आले होते. मालकांची बहीण आमची जागा धरून बसली होती. मला बघून तिने आधी चादरींचा विषय काढला, मग केक दिला.

आम्ही मागून दुसऱ्या रांगेत बसलो. मालक मध्ये, एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला मी. स्टेजवर ती खुर्ची. ओकच्या लाकडाची, साधी, पाठीवर दोन पानं कोरलेली. परीक्षक उठला आणि वेल्शमध्ये बोलायला लागला, आणि बोलतच राहिला. बहीण माझ्या कानात सांगत होती. पद्धत अशी की कच्च्या कविता आधी घेतात, चांगल्या शेवटी. म्हणजे जोपर्यंत तुमचं टोपणनाव येत नाही तोपर्यंत आशा. मालकांनी कुठलं टोपणनाव घातलं होतं ते ना बहिणीला माहीत, ना मला. मी आपला मालकांची टोपी बघत बसलो होतो. टोपी त्यांच्या हातात होती, आणि जसजसं भाषण पुढे जात होतं तसतशी ती टोपी पिळून निघत होती, धुतलेल्या फडक्यासारखी. एक कविता झाली, टोपी पिळली. दुसरी झाली, आणखी पिळली. मी माझा रुमाल पिळायला घेतला. माझी कुस्ती असताना कधी पिळला नव्हता, कारण तिथे निकाल आधीच ठरलेला असायचा.

मग एक झगा घातलेला माणूस तलवार घेऊन उभा राहिला. मी दारं किती आहेत ते बघून ठेवलं. त्याने तलवार अर्धी उपसली आणि ओरडून काहीतरी विचारलं, सगळा हॉल एका सुरात काहीतरी म्हणाला. बहीण म्हणाली, तो विचारतोय शांतता आहे का, आणि लोक म्हणतात, आहे. असं तीनदा. आमच्याकडे तलवार निघाली की शांतता कधीच गेलेली असते. मग पितळी शिंग वाजलं. परीक्षकाने कागद डोळ्यांजवळ धरला आणि मोठ्यांदा काहीतरी म्हणाला. त्या सगळ्या अगम्य बोलण्यात मला एकच शब्द कळला. बोरगाव. थांबला आणि पुन्हा म्हणाला, बोरगाव.

मी उभा राहिलो.

रोज सकाळी त्या हाकेला उठणारा माणूस मी, दुसरं काय करणार. डोकं काही बोलायच्या आत पाय उभे राहिले होते. अख्खा हॉल वळला. टाळ्या सुरू झाल्या, मग जरा अडखळल्या, मग सभ्य माणसं वाजवतात तशा पुन्हा सुरू झाल्या. दोन झगेवाले माझ्याकडे यायला लागले. मला वाटलं, संपलं, तलवारीच्या वेळी मी काहीतरी चुकलो असणार. मी मालकांकडे बघितलं. ते दोन्ही हातांत टोपी धरून खाली बघत होते, खांदे हलत होते, आणि ते रडताहेत की हसताहेत हे मला अजून ठरवता आलेलं नाही. झगेवाल्यांनी मला दोन्ही बाजूंनी कोपराला धरलं आणि मिरवत नेलं. म्हसोबाला बोकड नेतात तसा मी चाललो होतो. स्टेजवर परीक्षकाने वाकून मला वेल्शमध्ये काहीतरी विचारलं. मला वाटलं विचारतोय, कुठला. सगळे वेल्श लोक तेच विचारत असणार. मला भाषेतलं जे काय येत होतं ते मी सांगून टाकलं.

"डोल-इसाव," मी म्हणालो. "पेन-अ-ब्रिन. डोल-इसाव."

अख्खा हॉल वळून खिडकीबाहेर बघायला लागला. मला नंतर कळलं, डोल-इसाव हे त्या गावातलं खरंखुरं शेत, हॉलच्या मागच्या खिडकीतून दिसतं तेच, आणि मी स्टेजवरून सांगत होतो की मी तिथे राहतो. मग मालकांच्या मागून एक म्हातारा माणूस उठला. काठी टेकत, हळूहळू. त्याने आमच्या रांगेकडे बघितलं आणि काठीने मालकांच्या पाठीवर टोचलं.

"पेन-अ-ब्रिन," तो म्हणाला. "ऊठ की. कशाला त्या पोराला ताटकळत ठेवलंयस?"

हे मला बहिणीने नंतर सांगितलं. तेव्हा मी एवढंच बघितलं की त्या घराच्या नावाने मालकांना कुणीतरी हाक मारली, मग दुसऱ्याने मारली, मग बायकांनी मारली, आणि सगळा हॉल ते नाव घेऊन उभा राहिला. पन्नास वर्षांत स्वोर्ड्सच्या रस्त्यावर त्या नावाने एक पार्सल पोचलं नव्हतं. इथे माणूस पोचला. मालक उठले, गुडघा धरून, आणि माझ्याकडे चालत आले. मी खुर्चीच्या पुढे खांबासारखा उभा. त्यांनी माझा हात धरला आणि लोकांना काहीतरी सांगितलं, लोक हसले, काहींनी डोळे पुसले. मालक म्हणाले होते, "बोरगाव हाच आहे. मी फक्त लिहून घेतलं."

चहाच्या वेळी मी बहिणीला विचारलं, आहे काय त्या कवितेत. ती म्हणाली, एक म्हातारा विमानतळाजवळच्या एका किचनमध्ये बसून दूरदेशीच्या माणसांचं भांडण ऐकतोय. भाषा कळत नाही, तरी त्याला प्रत्येकाचा बांध कळतो. आणि ऐकता ऐकता त्याच्या लक्षात येतं, की आपणही कचऱ्याच्या डब्यावरून शेजारणीशी असंच भांडतो, रोज, मन लावून. परक्या जागेसाठी कोण एवढं भांडेल. परीक्षक म्हणाला होता, या कवीला आता गाव कुठे आहे ते कळलंय. मी विचार करायला लागलो, पण मला विचाराची सवय नाही, आणि तेवढ्यात दोन शेतकरी केक खात माझ्याजवळ आले. त्यांना अगदी गंभीरपणे जाणून घ्यायचं होतं की त्या पट्टीचं शेवटी काय झालं. म्हटलं, अजून चालू आहे. दोघांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. एकाने मला आणखी केक दिला.

खुर्ची गावातच ठेवा, कुणाच्या तरी घरी शोभेल, असं काही लोक म्हणाले. बहीणही म्हणाली. मालकांनी नाही म्हणून मान हलवली आणि म्हणाले, घरी न्यायची आहे. बहिणीने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि ती आत जाऊन दोरी घेऊन आली. मी खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली, गवताचा भारा घेतात तशी. बंदरापर्यंत सगळे मलाच शाबासकी देत होते, आणि मी घेत होतो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी देत होतं.

बोटीवर वारा होता पण ऊन पडलं होतं. मालक म्हणाले, आत नको, डेकवर बसू. मी मागच्या कठड्याजवळ खुर्ची ठेवली, वेल्सच्या डोंगरांकडे तोंड करून. ते बसले. हात मांडीवर, टोपी खिशात. डोंगर आधी हिरवे होते, मग निळे झाले, मग ते डोंगर आहेत की ढग, हे मला तरी सांगता येईना, आणि मला तशी बंदीही होती.  मागे काहीच दिसेनासं झालं तेव्हा मालक उठले. मी मदतीला पुढे झालो तर हाताने थांबवलं. खुर्ची त्यांनी स्वतः उचलली, सावकाश, दमत दमत डेकच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि पुढच्या कठड्याशी ठेवली, आयर्लंडकडे तोंड करून. तिथेही अजून काही दिसत नव्हतं. नुसतं पाणी. बसले, आणि म्हणाले, "आता इकडून दिसेल."

मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. म्हटलं आपणही जरा आपल्या बाजूला बघावं. आधी या कठड्यावरून बघितलं, मग त्या कठड्यावर जाऊन बघितलं. बोरगाव नक्की कुठल्या अंगाला येतं हे काही मला समजेना, आणि विचारायचं कुणाला. मग मी दोघांसाठी चहा आणायला खाली गेलो.